गप्प पिंप

आठव्या दिवशी सकाळीही पिंप गप्पच होतं.

बुचाच्या जागी बसवलेल्या वाकड्या काचनळीतलं पाणी धाकटीने चांगली दहा मिनिटं न्याहाळलं. आतला रस आंबू लागला की त्याचा वायू या पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, इतकं ते साधं यंत्र. पाणी हललं नाही. शेजारच्या दोन स्टीलच्या टाक्यांत खालच्या मळ्यातला, तारांवर चढवलेल्या वेलींचा रस मात्र असा खदखदत होता की तळघराच्या पायरीवरूनही ऐकू यावं. त्या टाक्या भरपेट जेवल्यासारख्या ढेकरा देत होत्या आणि कोपऱ्यातलं हे एकुलतं लाकडी पिंप रुसून बसलं होतं.

त्या पिंपात चारशे बारा द्राक्षवेलींचा अख्खा हंगाम होता. वरच्या उतारावरच्या त्या वेली पणजीने लावलेल्या. ना तार, ना खांब. गुडघ्याएवढी उंची, मांडीएवढा बुंधा, आणि प्रत्येक वेल आपापल्या पायावर उभी. एका वेलीवर दोन घड आले तर आत्या तिचं कौतुक करी, तीन आले तर तिच्याकडे संशयाने पाही. याच जमिनीत तारांवरच्या नव्या वेली सहापट फळ देतील, हे दादाचं म्हणणं जुनंच होतं. वडील हयात होते तोवर वरच्या उताराचा रस खालच्या रसातच मिसळला जाई आणि वादही त्यातच विरघळे. वडील गेले आणि मग वाद तेवढा उरला.

शेवटी सगळ्यांच्या साक्षीने एक अट ठरली होती. यंदा वरच्या उताराचा रस वेगळा काढायचा, वेगळ्या पिंपात आंबवायचा, खालचा एक थेंबही त्यात पडू द्यायचा नाही. पिण्याजोगी पांढरी वाइन झाली तर वेली राहतील. नाहीतर पानगळीनंतर मशीन येईल आणि चारशे बारा बुंधे मुळासकट उपटून काढील.

धाकटीने रसात साखर मोजायची काचेची नळी सोडली. पहिल्या दिवशीचा आकडा, जसाच्या तसा. पंधरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत दुसऱ्यांच्या वाइनींचे दोष शोधले होते. निदान करायला तिला कधी दुसऱ्यांदा मोजावं लागलं नव्हतं. आज तिने नळी पुसून पुन्हा एकदा सोडली.

"दहा वाजता सगळे खाली या," पायऱ्यांवरून दादाचा आवाज आला. "मशीनवाल्याकडे घेतलेली तारीख आज पक्की करायची आहे."

*

वहिनी हात पुसत तळघरात उतरली तेव्हा मंडळी जमलेलीच होती. आत्या उलट्या टोपलीवर बसली होती. धाकटीचा नवरा, जो पेशाने दंतवैद्य होता आणि सुट्टीत सासुरवाडीला आला की प्रत्येक गोष्टीत तोंड घाली, तो पिंपाला कान लावून वाकला होता.

"काय म्हणतंय, डॉक्टर?" आत्याने विचारलं. "कीड लागली का दाढ काढायची?"

"काहीच ऐकू येत नाही."

"तोंड उघडायला सांगा. तुमचं ऐकतात ना सगळे."

दादा हसला नाही. तो दाराजवळ उभा होता, एक हात खिशातल्या फोनवर. वहिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचा चेहरा वाचावा लागत नाही. तो कुठे बघतोय तेवढं पाहिलं की पुरे. दादा छताकडे बघत होता. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"जंगली यीस्टवर सोडलंय, चार-पाच दिवस लागतातच," धाकटी म्हणत होती. "सालीवर जे असतं त्यानेच आंबू द्यायचं, असं मी आणि आत्याने ठरवलं होतं. पण आठ दिवस म्हणजे काहीतरी अडलंय. साखर रोज मोजली, उष्णता मोजली. आता गंधक मोजते."

"ते का नाही मोजलं आधी?" दादाने छताला विचारलं.

"कारण ते मी स्वतः टाकलं होतं. मला माहीत होतं किती टाकलं ते."

रस काढला की तो खराब होऊ नये म्हणून त्यात थोडं गंधक घालतात. गंधकाच्या क्षाराची पांढरी पूड असते. बेताने घातली तर नको ते जंतू झोपतात आणि हवं ते यीस्ट जागं राहतं. प्रमाण चुकलं तर सगळेच झोपतात. धाकटीने कपात रस घेतला आणि बाटलीतलं औषध त्यात एकेक थेंब सोडू लागली. रस निळा झाला की थांबायचं.

"दहा-अकरा थेंबांत व्हायला हवा," ती म्हणाली.

दंतवैद्य मोठ्याने मोजू लागला. अकरा झाले, पंधरा झाले. रस होता तसाच, वाळल्या गवताच्या रंगाचा.

"वीस," दंतवैद्य म्हणाला. "एकवीस."

"सज्ञान झाला," आत्या म्हणाली.

"अठ्ठावीस. एकोणतीस. तीस."

"तिशी ओलांडली. आता ह्याचं काही जमत नाही."

"आत्या, गप्प बस ना जरा!"

"मी गप्प बसले तर तळघरात दोन पिंपं होतील."

त्रेचाळिसाव्या थेंबाला रस निळा झाला. धाकटीने बाटली खाली ठेवली, झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"चौपट," ती म्हणाली. "पिंपात चौपट गंधक आहे. ह्यात यीस्टच काय, झुरळसुद्धा जगणार नाही. मी मोजून टाकलं होतं, ग्रॅमवर. मग बाकीचं कुणी टाकलं?"

शेजारच्या टाकीने मोठा ढेकर दिला.

वहिनीने पदर खोचला. या घरात तिला मत विचारायची पद्धत नव्हती, मात्र भांडण मिटवायला प्रत्येक वेळी तीच लागायची. "मी सांगते," ती म्हणाली. "मी काहीही टाकलेलं नाही. आता एकेकाने बोला. आत्या, तुम्ही टोपलीवर नीट बसत नाही आहात."

"मी फक्त वात जाळली," आत्या म्हणाली. "रिकाम्या पिंपात. गंधकाची वात जाळल्याशिवाय आमच्या घराण्यात पिंप भरलेलं नाही."

"एकच ना?" धाकटीने विचारलं.

"तीन."

"तीन? एक पुरते, आत्या!"

"तुझ्या बापाला पुरायची. त्याचं पिंप वापरातलं असायचं. हे चार वर्षं कोपऱ्यात पडून होतं, आत कोण राहायला आलंय मला काय ठाऊक? आणि तू विसरशील असं वाटलं. दप्तर घरी ठेवून शाळेत जायचीस तू."

"मी बेचाळीस वर्षांची आहे!"

"हो. आणि काल चष्मा शोधत होतीस, डोक्यावरचा."

दंतवैद्याने घसा साफ केला. "माझ्याकडूनही एक छोटीशी... म्हणजे तो पाइप. टाकीतून पिंपात रस सोडायचा. मी तो गंधकाच्या पाण्याने भरून ठेवला होता. निर्जंतुक राहावा म्हणून."

"आणि नंतर साध्या पाण्याने धुतलास."

"धुतला तर निर्जंतुक कसा राहील?"

धाकटीने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने आपोआप तोंड मिटून घेतलं. त्याच्या दवाखान्यात हे उलट बाजूने घडत असे.

"आता," वहिनी शांतपणे म्हणाली, "छताकडे कोण बघतंय तेवढं राहिलं."

*

सगळे आपल्याकडे वळले हे दादाला न बघताही कळलं.

"दाबयंत्राखालच्या ताटात," तो म्हणाला. "रस गळत होता तेव्हा. दोन मुठी."

"मुठी?" धाकटीचा आवाज चढला. "मुठी म्हणजे किती?"

"मुठी म्हणजे मुठी. बाबा काय तराजू घेऊन बसायचे?"

आत्याने त्याच्या पंज्याकडे पाहून हळूच शीळ घातली.

"तुला मारायचंच होतं ते," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता आणि म्हणूनच जास्त लागला. "अट मान्य केलीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. सरळ उपटल्या असत्या तर लोकांनी नावं ठेवली असती. त्यापेक्षा धाकटीला करू दे, ती तोंडावर आपटू दे, मग म्हणायला मोकळा. मशीनवाल्याचा नंबर खिशात घेऊन फिरतोस तू, आठ दिवस!"

दादाने खिशातल्या फोनवरचा हात काढला. रस काढला त्या दुपारी दाबयंत्र सुरू झालं आणि पहिली धार ताटात पडली, तेव्हा तो एकटाच तिथे होता. वरच्या उताराचा निव्वळ रस त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिला; आजवर तो नेहमी दुसऱ्या कशात तरी मिसळलेला असे. त्याने बोट बुडवून चाटलं. गोड होता, पण गोडीमागून काहीतरी खरखरीत, मीठ नसून मिठासारखं, जिभेच्या कडेने चढत गेलं आणि बराच वेळ उतरलं नाही. आणि तेवढ्यात ताटाभोवती फळमाश्या घोंघावू लागल्या. ऊन तापलेलं, धाकटी वर वेलींत, आत्या कुठे दिसेना. नासेल हे, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. हे आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत नासेल. आणि त्याने पोत्यात हात घातला होता. दोनदा.

"मारायचं असतं," तो शेवटी म्हणाला, "तर काहीच टाकलं नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तसंच सोडलं असतं उन्हात. चार दिवसांत व्हिनेगर. हात न लावता. मी तीस वर्षं हे काम करतोय, मला मारायला पूड लागत नाही."

हे खरं होतं. धाकटीला ते रसायनशास्त्राने पटलं आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

वहिनीने एकेकाकडे पाहिलं. "एकूण काय," ती म्हणाली, "चौघांनी एकमेकांपासून लपवून एकाच पिंपाची काळजी घेतली. आणि ते त्या काळजीनेच बेशुद्ध पडलं. सगळ्यांत चांगली मीच. मी ढुंकूनही पाहिलं नाही."

आत्या हसू लागली. हसताना टोपली करकरली. दंतवैद्यही हसला, मग बायकोकडे पाहून थांबला.

"मेलेलं नाही ना पण?" आत्याने डोळे पुसत विचारलं. "बेशुद्ध आहे असंच म्हणाली ना ही?"

धाकटी पिंपाकडे बघत उभी राहिली. "गंधक उडवता येईल," ती सावकाश म्हणाली. "सगळा रस बाहेर काढायचा, उघड्यावर, बादलीतून बादलीत उंचावरून ओतत राहायचा. हवा लागली की निम्मं तरी उडेल. पण पांढऱ्या रसाला हवा म्हणजे... तपकिरी पडू शकतो. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, पांढऱ्याला हवा लागू देऊ नका."

"आणि एवढं करून आंबेल?"

"आपोआप नाही. आधीच जोरात आंबत असलेलं काहीतरी त्यात थोडं थोडं घालावं लागेल. पाकिटातलं यीस्ट सरळ टाकलं तर बुडताक्षणी मरेल. विरजण हवं, तेही दणकट."

"सोपं आहे मग!" दंतवैद्य टाक्यांकडे वळला. "ह्यातलं बादलीभर घ्या. उकळतंच आहे."

पाहुण्याने नको त्या खोलीचं दार उघडावं तसं झालं. खालच्या मळ्यातला एक थेंबही नाही, ही अट होती. बादलीभर घेतलं तर वाइन होईल, पण ती वरच्या उताराची राहणार नाही. आणि अट अशी मोडली की वेली हरल्याच; दादाला काही करायचीच गरज उरणार नाही.

"चालणार नाही," दादा म्हणाला. "थेंबही नाही, असं ठरलंय."

"वाटलंच होतं," धाकटी पुटपुटली.

पण आत्या दादाकडे टक लावून बघत राहिली. जिंकणाऱ्या माणसाचा आवाज तिने आयुष्यात पुष्कळदा ऐकला होता. हा तो नव्हता. दादा बशीतल्या आपल्या वाट्याला कुणी हात लावू नये म्हणून लहानपणी जो आवाज लावायचा, तो हा होता.

"वर मागचे घड आहेत," ती म्हणाली. "मागाहून धरलेले, बोटभर. मी तोडू दिले नव्हते."

"ते पक्ष्यांसाठी असतात म्हणायचीस."

"पक्ष्यांना सांगेन मी. तू बादल्या काढ."

*

अंगणात दोन टपं मांडली. दादा पायरीवर चढून बादली ओती, खाली दंतवैद्य ती दुसरीत झेली, वहिनी आणि धाकटी भरलेल्या बादल्या फिरवत. दोनशे लिटर रस उन्हात सळसळत वर-खाली जाऊ लागला आणि पाचव्या मिनिटाला गंधकाचा दर्प असा उसळला की सगळ्यांचे डोळे चुरचुरू लागले.

"थांबू नका," धाकटी ओरडली. "उडतंय म्हणूनच झोंबतंय!"

फाटकाबाहेरून जाणारी शेजारीण थबकली. अंगणात चार मोठी माणसं बादल्या घेऊन घळाघळा रडत होती.

"काय झालं हो? कोणी गेलं का?"

"नाही!" वहिनीने दंडाने नाक पुसलं. "एकाला शुद्धीवर आणतोय."

"वडील गेले तेव्हाही इतके रडलो नव्हतो," दादा बादली उंचावत म्हणाला.

"बाबा गेले तेव्हा तू रडलासच नाहीस," धाकटी म्हणाली.

"पंपाचा पट्टा तुटला होता त्या दिवशी. वेळच कुठे होता?"

तिने मान वर केली. दादाच्या गालांवरून धारा वाहत होत्या आणि त्या कशाच्या हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. रिकामी बादली त्याच्याकडे देताना तिने कडीची गार बाजू त्याच्या हातात दिली, एवढंच.

रस थोडा काळवंडला. तपकिरी नव्हे, जुन्या कागदासारखा. धाकटीने तो उजेडात धरला आणि ओठ मिटून घेतले. पुन्हा थेंब मोजले तेव्हा मात्र निळा रंग बावीस थेंबांना आला.

*

चारच्या सुमारास आत्या आणि दादा वरच्या उतारावर होते. आत्या एका वेलीपुढे बसे, पानं बाजूला सारी, दोन-तीन चिमुकले घड तोडी आणि बसल्याबसल्याच पुढच्या वेलीकडे सरके. चौऱ्याहत्तराव्या वर्षी उठण्यापेक्षा सरकणं तिला परवडे.

"सासरच्यांना मला वाकवायला अकरा महिने पुरले नाहीत," ती म्हणाली. "परत आले तेव्हा तुझी आजी म्हणाली, जा वर. ह्या वेलींनी पहिल्याच दिवशी वाकवलं."

"म्हणून तुला त्या आवडतात?"

"आवडतात कुठे? मला त्यांचा राग येतो. बारकं फळ, जाड साल, नखरे फार. पण त्या निदान 'आमच्या घराण्यात असं चालत नाही' म्हणत नाहीत."

दादा टोपली धरून मागे उभा होता. एका बुंध्याला टेकायला गेला आणि कमरेत कळ आली म्हणून त्याने दात आवळले. आत्याने मागे न बघताच ते ऐकलं.

"खरंच उपटणार आहेस?"

दादाने टोपली खाली ठेवली. मग म्हणाला, "तुझ्यानंतर छाटणार कोण ह्यांना? मशीन ह्यांच्यात शिरत नाही. प्रत्येक वेल वेगळी, प्रत्येकीची छाट वेगळी, ती फक्त तुला माहीत. माझी पाठ ही अशी. माझी पोरं पडलेला फोन उचलायलासुद्धा वाकत नाहीत. पाच वर्षांनी ह्यांच्यावर झुडपं चढतील, वाळतील उभ्या उभ्या, आणि मी रोज खिडकीतून बघत बसू? त्यापेक्षा एकदाच काय ते..."

"मग असं सांग ना!" आत्या भडकली. "सहापट, सहापट काय लावलंयस चार वर्षं? मला वाटलं तुला हाव सुटली. नुसतीच पाठ दुखतेय होय!"

"मी काय सगळ्यांसमोर रडगाणं लावू?"

"आज अंगणात काय करत होतास मग?"

दादाला हसू आलं, कळीसकट. आत्याने त्याच्या टोपलीत मूठभर घड टाकले. एवढेसे, आंबटढाण आणि पारव्या धुरकट साईने माखलेले. या साईतच तर हवं ते सगळं राहतं, असं धाकटी म्हणायची. आत्या म्हणायची, धूळ आहे ती. पण तिने ते धुऊ दिले नाहीत.

"मशीनवाल्याला काय सांगू?" दादाने विचारलं.

"मला कशाला विचारतोस? मी पक्ष्यांशी बोलणार आहे, तू त्याच्याशी बोल."

*

चिरडलेल्या मागच्या घडांचं विरजण स्वयंपाकघरात ठेवायचं ठरलं, कारण घरातली सगळ्यांत उबदार जागा शेगडीजवळची. म्हणजे जिने या प्रकरणाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तिच्याच गळ्यात ते पडलं.

"दर तीन तासांनी पिंपातला एक डाव रस ह्यात घालायचा," धाकटीने वहिनीला बजावलं. "एकच डाव. हळूहळू गंधकाची सवय व्हायला हवी. जास्त घातलास तर हेही मरेल."

"म्हणजे नवी सून घरात आणतात तसं."

"तुला तसं आणलं होतं?"

"मला सगळं पिंप एकदम दिलं होतं," वहिनी म्हणाली.

पहिले दोन दिवस पातेल्यात काही घडलं नाही. वहिनी झाकण काढी, बघे, एक डाव घाली, झाकण ठेवी आणि स्वतःशीच म्हणे की मला काय त्याचं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने झाकण काढलं तर आत पांढरा फेस पातेल्याच्या गळ्यापर्यंत आला होता आणि त्यातून बारीक, सलग चुरचुर ऐकू येत होती. ती ओरडली नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं, मग वाकून ती त्याला म्हणाली, "शहाणं गं बाई माझं." आणि ठरल्या वेळेआधी एक थेंबही जास्त घातला नाही.

त्याच संध्याकाळी विरजण पिंपात गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपता आटोपता, दंतवैद्य तळघरातून धावत वर आला. धापेमुळे त्याला बोलता येईना, म्हणून त्याने बोटाने हवेत बुडबुडे काढून दाखवले.

सगळे खाली गेले. काचनळीतल्या पाण्यात एक बुडबुडा वर आला, फुटला. सगळ्यांनी श्वास रोखला. दुसरा आला. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम तीन. धाकटीने पिंपाला कान लावला, मग आत्याने, मग वहिनीने. आत दूरवर कुणीतरी वाळू चाळत असल्यासारखा आवाज होता. दादाने सगळ्यांत शेवटी कान लावला आणि इतका वेळ लावून ठेवला की दंतवैद्याने विचारलं, "झोप लागली का तुम्हाला?"

"हळू आंबतंय," दादा सरळ होत म्हणाला. "तीन महिने घेईल. आणि रंगही पडलाय जरा."

"पिण्याजोगी होईल का नाही ते वसंतातच कळेल," धाकटी म्हणाली. ती भावाकडे बघत नव्हती. "आणि तू तर पानगळीला मशीन आणणार."

"फोन करायचाय त्याला," दादा म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

वहिनी रिकामं पातेलं घेऊन त्याच्यामागून निघाली. मागच्या अंगणात तो पाठमोरा उभा होता, फोन कानाला लावून. ती दारातच थांबली. मशीनवाल्याला आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावरून ओरडून बोलायची सवय होती. त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द दारापर्यंत पोचत होता.

"हं, बोला साहेब!"

"ती वरच्या उताराची तारीख," दादा म्हणाला. "यंदा नको. जरा अडचण आहे."

पलीकडचा माणूस खदाखदा हसला. "अहो, मी धरलीच नव्हती! हे चौथं वर्ष साहेब. दरवर्षी तुम्ही तारीख घेता आणि दरवर्षी पानगळीआधी फोन करून 'यंदा नको' म्हणता. माझी बायको तर तुमचा फोन आला की गरम कपडे बाहेर काढते."

"बरं, बरं," दादा घाईने म्हणाला. "पुढच्या वर्षी मात्र नक्की."

"हो हो. नक्की!"

दादा वळला आणि दारात उभ्या बायकोला पाहून थिजला.

"किती वेळ उभी आहेस इथे?"

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली. "आणि हे मला आज कळतंय."

त्याने मान खाली घातली. वहिनी पातेलं कमरेला टेकवून त्याच्याकडे बघत राहिली. हे गुपित जेवणाच्या टेबलावर नुसतं ठेवलं असतं तरी घरातली सगळी बाजू पालटली असती. धाकटीला हवं ते मिळालं असतं आणि दादाला पुढची दहा वर्षं मान वर करता आली नसती. तेवढ्यात तळघराच्या झरोक्यातून आत्याचा आवाज आला.

"पक्की झाली का रे तारीख?"

"नाही," दादाने ओरडून सांगितलं. "छाटणीच्या कात्र्यांना धार लावून आणतो. दोन्ही."

"दोन कशाला? छाटणारी मी एकटी!" झरोक्यातून उत्तर आलं. "दुसरी कुणाची?"

"माझी," दादा म्हणाला. पण ते इतकं पुटपुटल्यासारखं होतं की शेजारी उभ्या असलेल्या बायकोलाच काय ते ऐकू आलं.

आत्या वाट बघत होती. वहिनीने पातेलं खाली ठेवलं, झरोक्याशी जाऊन वाकली आणि सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ह्यांची!"